फळीचा शेजारी

तोचिहारा, इना खोरं
१२ ऑक्टोबर

वन्संना किनुएचा नमस्कार.

डोंगर वरून लाल व्हायला लागलेत. पहाटे गवतावर दव असतं आणि ट्रकची काच पुसल्याशिवाय निघता येत नाही. तुमची कंबर कशी आहे?

आम्ही चार दिवसांपूर्वी खिंड उतरून तोचिहाराला मुराइ आजींकडे पोचलो. गावोगावची पिंपं नव्याने बांधायची ही फेरी दरवर्षीसारखीच आहे. फरक एवढाच की यंदा गाडी मी चालवते आहे. हे म्हणाले, "इतकी वर्षं मी नुसता रस्ताच बघतोय, आता मला डोंगर बघू दे." मग काय, मी चालवते आणि हे शेजारी बसून शेतातल्या भाताच्या पेंढ्या मोजतात.

आजींचं सोयाबीनचा मिसो आंबवायचं पिंप उघडलं. भोवतीची बांबूची जुनी कडी तोडली, फळ्या अंगणात पसरल्या, उन्हात टाकल्या. आजींचा जावई नवीन आहे. त्याने विचारलं, "फळ्यांवर नंबर नाही टाकत? कुठली कुठे हे कळायचं कसं?" ह्यांनी मामंजींचंच उत्तर दिलं, अगदी त्यांच्याच आवाजात, "फळीला आपला शेजारी ठाऊक असतो. आपण फक्त विचारायचं." जावई कान पकडून आत गेला.

पिंप बांधून झालं त्या संध्याकाळी निखाऱ्यांभोवती बसलो. भात कुटून काठ्यांना लावला होता, वरून अक्रोडाचा मिसो. ह्यांनी चार काठ्या संपवल्या आणि पाचवी खिशात घातली, उद्यासाठी म्हणे. आजी हसून हसून बेजार. आज निघताना त्यांनी अक्रोड दिले, वाळवलेले मशरूम दिले, वर घरचा मिसोही दिला. पिंप अजून भरलंसुद्धा नाही आणि एवढं कौतुक! तुम्ही उगाच काळजी करत होतात.

पुढचा मुक्काम शिमोकुरा. पत्र तिथेच पाठवा.

किनुए

*

कामिझावा, किसो
१७ ऑक्टोबर

किनुए,

पानं लाल झाली हे मला माझ्या खिडकीतून दिसतं. हवापाण्यावर अर्धा कागद घालवायची तुझी सवय लग्नाला तीस वर्षं झाली तरी जात नाही. कामाचं लिही.

माझी कंबर जागेवर आहे, कुरकुरते आहे. सुन्की घालायला घेतली. लाल सलगमचा पाला धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून, गेल्या वर्षीचं विरजण लावून इसाकुने जायच्या आधी बांधून दिलेल्या पिंपात दाबला. सुन्कीत मिठाचा कण नसतो, तिची सगळी भिस्त आंबण्यावर, म्हणून पिंप घट्ट हवं, हे तुला सांगायला नको. सकाळी बघते तर स्वयंपाकघरात पाण्याचं तळं. मांजराने बादली लवंडली असणार. मी त्याला झाडूने असं हाणलं की अजून माळ्यावरून खाली उतरलेलं नाही.

काल टोफूवाल्या नोबुएकडे गेले. तिचंही पिंप इसाकुने सप्टेंबरात बांधलं ना? तिने एवढी स्तुती केली की मलाच लाज वाटली. काय ते हात, काय ती कला! आणि मागे बघते तर सोयाबीन भिजलंय निळ्या प्लॅस्टिकच्या टबात. मी म्हटलं, "हे काय?" तर म्हणते, "तोयोताई, ते पिंप इतकं सुंदर झालंय की वापरवतच नाही." मेली! पिंप म्हणजे काय लग्नातला किमोनो आहे, घडी करून पेटीत ठेवायला?

आणि गाडी तू चालवतेस? इसाकुने आजवर स्टिअरिंगला बायकोच काय, सख्ख्या बापाला हात लावू दिला नाही. डोंगर बघायचेत म्हणे. साठ वर्षं त्याच डोंगरात राहतोय तो. खरं काय ते लिही.

तोयो

*

शिमोकुरा
२२ ऑक्टोबर

वन्संना नमस्कार.

हवापाणी लिहीत नाही. तरी एक लिहिते, इथे प्रत्येक घराच्या दर्शनी बाजूला पर्सिमनच्या सोललेल्या फळांच्या माळा लटकल्यात. वारा आला की सगळं घर केशरी पडद्यासारखं हलतं. मालकीणबाईंनी मला सोलायला बसवलं. बोटं अजून काळी आहेत.

गाडीचं म्हणाल तर ह्यांचा गुडघा धरतो. क्लच दाबताना त्रास होतो. बाकी काही नाही.

काल इथल्या पुरुषांनी गांधीलमाश्यांचं पोळं शोधलं. माशीच्या पायाला पांढरा धागा बांधून सोडायची आणि तिच्या मागे बांध-ओढे न बघता धावायचं. हे सगळ्यांच्या पुढे धावत होते! गुडघा धरतो म्हणाले होते, पण त्या वेळी धरत नव्हता. रात्री पोळ्यातल्या अळ्या शोयू सॉसमध्ये आटवून भातात घातल्या. ह्यांनी तीन वाट्या भात खाल्ला आणि मग शेजाऱ्याला विचारलं, "पोळं कधी काढायला जायचं?" सगळे हसले. विनोदच केला असणार. हे असले विनोद करतात.

काम चाललंय. पिंपाला दोरी लावून माप घेतात, बांबूकडे जातात, परत येऊन पुन्हा दोरी लावतात. यंदाचा बांबू ओला आहे, कामट्या आखडतात, म्हणून नीट बघावं लागतं, असं म्हणतात.

एक गंमत. मोगरी मुराइ आजींकडेच राहिली होती, म्हणून परत तोचिहाराला जावं लागलं. अंगणात आपण बांधलेलं पिंप होतं. त्यात माती भरून शेवंती लावली होती, पिवळी, भरगच्च. आजी आम्हाला बघून गोंधळल्या, पदर सावरल्यासारखा एप्रन सावरत म्हणाल्या, "इसाकुसान, ते इतकं देखणं झालं की मिसो घालून झाकून ठेवायचं जिवावर आलं." हे फुलून गेले. गाडीत मला म्हणाले, "बघ किनुए, आता आपली पिंपं दर्शनी भागात बसायला लागली." मी हो म्हटलं.

आता शेवटचा मुक्काम ओकुदा, किहेइ मालकांचा शोयूचा कारखाना. मामंजींनी लढाईनंतर बांधलेलं ते माणसापेक्षा उंच पिंप यंदा पूर्ण सोडून नव्याने बांधायचं, असं ह्यांनी मनात घेतलंय. दिवसभर दुसरा विषय नाही. तेवढं झालं की घरी येतो.

किनुए

*

कामिझावा
२६ ऑक्टोबर

किनुए,

मांजराची माफी मागितली. त्याला सुका मासा दिला.

तुझं पत्र आलं आणि मी सुन्की काढून मातीच्या बरणीत भरली. मग पिंपाची कडी ठोकून उतरवली आणि फळ्या जमिनीवर मांडल्या. मी पिंपवाल्याची मुलगी आहे, हे तुम्ही सगळे विसरता. प्रत्येक फळीची कड तिच्या शेजारणीसाठी रंधलेली असते, दुसरीपाशी ती बसत नाही, मध्ये केसाएवढी फट राहते. मी बोटांनी एकेक कड चाचपून बघितली. किनुए, एकही फळी आपल्या शेजारणीपाशी नव्हती. एकही नाही. इसाकुने ती नुसती उचलली तशी लावली आणि वरून इतकं सुरेख कडं विणलं की दृष्ट लागावी.

नोबुएकडे परत गेले. तिला दारातच धरलं. "गळतं ना?" म्हटलं. रडायला लागली. म्हणाली, "इसाकुदादांना कसं सांगायचं? त्यांच्या वडिलांनी माझ्या सासूचं पिंप बांधलं होतं." म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि सगळं गाव त्याला घरी बोलावून, चहा पाजून, पिंप बांधून घेऊन, मागच्या दाराने प्लॅस्टिक आणतंय. आणि तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. म्हणून गाडी तू चालवतेस. गुडघा म्हणे!

मी तुला बोल लावत नाही. परवा मीच त्याच्या जुन्या रंध्याजवळ उभी राहून सराव केला, "इसाकु, बाबा रे, आता पुरे." रिकाम्या खोलीलासुद्धा मला ते सांगता आलं नाही.

पण किहेइच्या पिंपाला त्याला हात लावू देऊ नकोस. बाबांनी बांधलेल्या त्या लाकडात तीस वर्षांची बुरशी जगते आहे, तिच्यावरच त्यांचा शोयू होतो. एकदा फळ्या सुटल्या की परत जुळवणारा माणूस आता या खोऱ्यात दुसरा नाही. आणि त्यांचं वर्षाचं आंबवण नोव्हेंबरात पडतं.

माझं ऐक. समोर बघून खोटं बोलायची आपली कुणाचीच छाती नाही, तेव्हा तारेने बोलू. हे पत्र पेटीत टाकलं की चार दिवस थांबून, म्हणजे तुला ते मिळाल्यावर, नोबुएच्या नावाने तार करते, "तोयो फार आजारी, लगेच या." तो मला बघायला धावत येईल. एवढं तरी करेल. ओकुदाला पोचायच्या आत गाडी वळव.

तोयो

*

ओकुदा
२ नोव्हेंबर

वन्सं,

पत्राला ओकुदाचा शिक्का बघूनच तुम्हाला कळलं असेल.

तार शिमोकुरालाच मिळाली. ह्यांनी ती वाचली आणि पायरीवरच बसले. "ताई," एवढंच म्हणाले. लहान मुलासारखे रडले. म्हणाले, "शाळेत मला पाठुंगळीवर घेऊन जायची गं ती, बर्फातून." हत्यारं कशीबशी गाडीत टाकली. मीही रडले. खोटं आहे हे ठाऊक असून रडले.

तासभर गेलो असू. बोगद्याच्या आधी चेस्टनट विकणारी बाई बसते, तिथे गाडी थांबवली. ह्यांनी गरम चेस्टनट घेतले, एक सोलून माझ्या तोंडात घातला आणि म्हणाले, "किहेइकडचं पिंप उद्या सोडू. पण हा रस्ता कुठला घेतलास? ओकुदा तर मागे राहिलं."

मी म्हटलं, "अहो, घरी चाललोय ना. वन्सं आजारी आहेत." तर हे माझ्याकडे बघतच राहिले. "ताई? आणि तू मला आत्ता सांगतेस?" मी तार दाखवली. वन्सं, त्यांनी ती पहिल्यांदाच वाचावी तशी वाचली. तेच "ताई." तसेच रडले. बर्फातली तीच गोष्ट सांगितली. चेस्टनट हातातून सांडले.

बोगद्यापलीकडे पोचेपर्यंत चेहरा पुन्हा मोकळा झाला होता. "किहेइचं पिंप," म्हणाले, "बाबांच्या हातचं आहे. नीट करायला हवं."

मग मी गाडी वळवली. तिसऱ्यांदा ती तार मी त्यांच्या हातात देऊ शकत नव्हते. दर तासाला त्यांना त्यांची बहीण मरायला टेकलीय म्हणून सांगायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. तार मी फाडून ओढ्यात टाकली. रागवा मला.

पोचल्यावर ह्यांना आंघोळीला पाठवलं आणि किहेइ मालकांना फाटकापाशी गाठलं. हात जोडून सगळं सांगितलं. ते खाली बघत म्हणाले, "वहिनी, गेल्या वर्षीचं छोटं पिंपसुद्धा गळलं होतं. आम्ही आंबवण दुसऱ्यात ओतलं."

"मग बोलावलंत कशाला?"

"बोलावलं कुठे? ते दरवर्षी येतात. येऊ नका असं कोणत्या तोंडाने म्हणू?"

"पण मोठं पिंप! तुमच्या वडिलांचं पिंप!"

"त्याची नुसती कडी बदलली असती तर भागलं असतं," ते म्हणाले. "मी जेवताना तसं सुचवून बघतो." मग मागच्या शेडकडे त्यांची नजर गेली. तिथे ताडपत्रीखाली काहीतरी मोठं, गोल झाकलेलं आहे. लोखंडी टाकी आहे, वन्सं. त्यांनी आधीच मागवून ठेवलीय. आम्हाला दिसू नये म्हणून झाकलीय.

जेवताना त्यांनी सुचवलं. हे हसले. "मालक, कडी काय, कुणीही बदलेल. फळ्या सोडल्याशिवाय पिंपाचं पोट कळत नाही." मालक म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." आणि त्यांनी ह्यांचा पेला भरला.

मी काय करू, ते लिहा. परवा फळ्या सोडायच्या होत्या, मी बांबू वाळायचं निमित्त काढून आठवडाभर लांबवलंय.

किनुए

*

कामिझावा
५ नोव्हेंबर

किनुए,

तार फाडलीस ते बरं केलंस. मला सुचलं हेच माझं चुकलं. तुझ्या पत्रानंतर दिवसभर मी शेगडीपाशी बसून होते आणि बर्फातून त्याला नेल्याचं आठवत होते. एकदा त्याला खाली पाडलं होतं. ते तो सांगतो का?

त्या किहेइची तर कमालच आहे. स्वतःचं पिंप मोडून देईल, पण पाहुण्याला नाही म्हणणार नाही. मीही त्याच्या जागी तेच केलं असतं, म्हणून जास्त संताप येतो.

आता एकच उपाय. पिंप उभं आहे तोवर तू आत उतर आणि प्रत्येक फळीवर कोळशाने आकडा टाक. ओळीने. फळ्या सुटल्यावर तू आणि मालक त्याला आकड्याने फळी हातात देत जा, तो लावत जाईल. हात अजून त्याचेच आहेत, ते विसरलेले नाहीत. बाबांना हे कळलं तर थडग्यात कूस बदलतील. बदलू देत. दुपारी तो झोपतो ना? तेव्हा कर.

माझी कंबर ट्रेनचा प्रवास करू देणार नाही, नाहीतर मीच आले असते.

तोयो

*

ओकुदा
११ नोव्हेंबर

वन्सं,

सांगितलंत तसं केलं. दुपारी हे झोपले तेव्हा मालकांनी शिडी धरली आणि मी आत उतरले. आत तीस वर्षांच्या शोयूचा वास होता, डोळ्यांत पाणी आणणारा. कोळशाने प्रत्येक फळीवर आकडा टाकला. मामंजींची क्षमा मागत होते आणि टाकत होते. वर आले तेव्हा माझा चेहरा काळा झाला होता. मालकांनी रुमाल दिला.

दुसऱ्या दिवशी कडी तोडली. ते पिंप उघडताना बघायला हवं होतं तुम्ही. मोठी फुलं उमलतात तसं ते सावकाश बाहेर पडलं. कारखान्यातले सगळे गोळा झाले होते. ह्यांनी अंगणात फळ्या लावून ठेवल्या, मागे सरून बघितलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे कुणी केलं?"

मालक शेडकडे बघायला लागले.

"बाबांच्या फळ्यांवर कोळसा! कुठल्या शिकाऊ पोराचं काम आहे हे?" त्यांनी माझ्याकडे हात केला. "किनुए, रंधा."

मी रंधा दिला, वन्सं. तीस वर्षं त्यांनी हात पुढे केला की मी हत्यार देते. हात आपोआप गेला. देऊन झाल्यावर कळलं. ते गुडघ्यांवर बसले आणि एकेक आकडा काढत गेले. ढलप्या इतक्या पातळ पडत होत्या की वाऱ्याने उडत होत्या. मालक तिथेच उभे होते. एकदा त्यांनी तोंड उघडलं. पण "थंडी वाढली, चहा घेता का?" एवढंच म्हणाले. हे म्हणाले, "हे झालं की घेतो."

फळ्या लख्ख झाल्या. मग लावायला घेतल्या. मी प्रत्येक फळीच्या वेळी नुसती देवाचं नाव घेत होते. किती तरी वेळ एक फळी हातात धरून ते कडेवरून अंगठा फिरवत उभे राहायचे, जणू ती काही सांगेल. मग लावायचे. कडी मात्र अशी विणली की म्हातारे कामगार जवळ येऊन बघत होते. कामटीवर कामटी, एकाही ठिकाणी टोक बाहेर नाही. मोगरीने गोल फिरत ठोकून बसवली. घामाने चिंब झाले होते आणि इतके आनंदात होते की मला वाटलं, कुणास ठाऊक, बसलंही असेल.

मग रिवाजाप्रमाणे गरम पाणी भरलं. कारखान्याच्या मोठ्या पिंपाचं पहिलं पाणी बांधणाऱ्याने समोर उभं राहून बघायचं, मामंजींपासूनचा नेम. सगळे भोवती गोल उभे राहिलो. मालक, त्यांची बायको, कामगार, मी.

आधी नुसता ओलावा दिसला. मग एका फटीतून धार लागली, मग शेजारच्या. मग सगळीकडून. पाणी अंगणात पसरलं, आमच्या पायांखाली आलं. सगळ्यांचे मोजे भिजले, पाण्याची वाफ पायांतून वर येत होती. आणि वन्सं, एक माणूस हलला नाही. एकाने पाय उचलला नाही. मालकांची बायको म्हणाली, "आज आभाळ किती स्वच्छ आहे, नाही?" आणि सगळ्यांनी मान वर करून आभाळ बघितलं.

ह्यांनी एकट्याने खाली बघितलं.

पिंपाजवळ गेले. फटीवर तळवा ठेवला, पाणी बोटांमधून येऊ दिलं. पिंपाभोवती फिरले. प्रत्येक कड चाचपली. मग सरळ उभे राहिले आणि असे बोलले, जसे पूर्वी नवशिक्याचं काम तपासताना बोलायचे. आवाज शांत होता.

"मालक, हे पिंप कुणी बांधलं?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं.

"कडी चांगल्या हाताची आहेत," हे म्हणाले. "पण एकही फळी शेजाऱ्यापाशी नाही. ह्या माणसाने आता काम करायला नको. लोकांचं अन्न नासवेल हा. त्याच्या घरात त्याला सांगणारं कुणी नाही का?"

पाणी अजून वाहत होतं. मी म्हटलं, "आहेत. पण त्यांना धीर होत नाही."

"हे बरोबर नाही," ते म्हणाले. "सगळे गोड बोलत राहिले तर त्या बिचाऱ्याला कळायचं कसं?" मग त्यांनी पागोट्यासारखा बांधलेला टॉवेल सोडून घाम पुसला. मला म्हणाले, "बोलाव त्याला. मी सांगतो. रागावणार नाही. म्हातारा असेल, जपून सांगावं लागेल."

हे काल दुपारचं. काल रात्री झोपले, तेव्हा मला वाटलं की बोगद्यापलीकडे तार विसरले तसं हेही विसरतील. आज पहाटे उठून त्यांनी हत्यारं पुसली, फडक्यात गुंडाळली आणि फाटकापाशी बाकावर जाऊन बसले. एवढी एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात राहिली आहे, वन्सं. बाकी सगळं गेलं तरी ही गेली नाही.

मालकिणीने त्यांना गोधडी दिली. त्यांनी ती बाजूला घडी करून ठेवलीय, येणाऱ्याला थंडी वाजेल म्हणून. शेजारी दोन पेले मागून घेतलेत. मी मध्ये मध्ये जाऊन म्हणते, "चला ना घरी, वन्सं वाट बघत असतील." तर म्हणतात, "त्याला बोलावलंय आणि आपण निघून जायचं? बरं दिसेल का ते?"

रस्त्यावर कुणी म्हातारा दिसला की अर्धवट उठतात, मग बसतात. मला विचारतात, "आला का तो?"

मी म्हणते, "निघालाय. वाटेत आहे."

किनुए